चांगल्या मुकादमाची परीक्षा

चिंचोळीच्या टॉवेल कारखान्यात मी आणि माझी सून एकाच शिलाई खात्यात होतो. आमचा मुकादम कापड मोजायच्या लाकडी गजानं मारायचा. शिवण वाकडी गेली की बोटांवर, यायला उशीर झाला की पाठीवर. एकीचं बोट त्यानं मोडलं आणि मशीनमध्ये सापडलं असं तिलाच सांगायला लावलं. पण सगळ्यात जास्त माल आमच्याच खात्यातून निघायचा.

चांगल्या मुकादमात कोणते गुण असतात, ते एचआरवाल्यांनी ऑफिसात बसून ठरवलं होतं. शांत बोलणं, समजावून सांगणं, असले. ते गुण बरोबर ठरवलेत का, हे तपासायला एक तरुण मॅडम आली. जास्त माल काढणाऱ्या मुकादमात ते दिसले तर त्यांचा कागद खरा, आणि कारखान्यातली तिन्ही शिलाई खाती त्या मुकादमाच्या हाताखाली.

मॅडम दिवसभर स्टुलावर बसली. गज कपाटामागं गेला. "ताई, दमला असाल, पाणी प्या की," मुकादम म्हणत फिरला. बायका भीतीनं मान वर न करता शिवत होत्या. मॅडम कागदावर खुणा करत गेली आणि संध्याकाळी खूश होऊन निघाली.

ती दाराबाहेर पडली तसा त्यानं गज काढला आणि सुनेपुढं उभा राहिला.

"लई पाणी प्यालीस गं आज?"

"तुमीच म्हणलात की," सून म्हणाली.

गज तिच्या डाव्या कानावर बसला. रक्त मानेवर उतरलं. मी उठले, गज हिसकावला आणि त्याच्या तोंडावर हाणला. दात पडला. पुन्हा हाणला. तिसऱ्यांदा उचलला तेव्हा दारात मॅडम उभी. तिची पाण्याची बाटली राहिली होती.

त्यानं रक्ताळलेल्या तोंडानं हात जोडले. "म्हातारी बाई हाय, मॅडम. जाऊ द्या."

"यानं सुनेचा कान फोडला," मी म्हणाले. "रोज मारतोय सगळ्यांना."

मॅडमनं बायकांकडं बघितलं. सगळ्यांच्या माना खाली. मग तिनं सुनेला विचारलं, "कुणी मारलं?"

सुनेनं पदर कानाला दाबला. "आत्याबाईंचाच गज लागला. चुकून."

मला तिथूनच घरी पाठवलं. मार खाऊनही शांत राहिला म्हणून मुकादमाचं कौतुक झालं, आणि तिन्ही खाती त्याला मिळाली.

घरी मी सुनेला विचारलं, "खोटं का बोललीस?"

"तुमचं काम गेलंच हुतं. माझंबी घालवू व्हय?"

ती अजून तिथंच शिवते. तिला हाक मारायची तर उजव्या बाजूला जाऊन मारावी लागते.