पंपाला पाच मिली

आठवीच्या पहिल्याच तासाला नेवारे सरांनी मला उभं केलं आणि फळ्याची लांबी मोजायला लावली. मी टेप लावून सांगितलं, "नऊ." सर म्हणाले, "नऊ काय? नऊ म्हशी?" वर्ग खो-खो हसला, मी रडकुंडीला आले. सरांची आणि माझी ओळख झाली ती अशी.

राळेगाव तालुक्यातल्या आमच्या शाळेत सरांनी हयातभर गणित शिकवलं. आज तोच विषय तिथं मी शिकवते. सरांच्या पंच्याहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला, तेव्हा मी आधी त्यांनाच विचारायला गेले. ते म्हणाले, "गोडगोड लिहू नको. राजरत्नचं लिहीत असशील तर लिही. माही चूक लिही." राजरत्न म्हणजे माझा थोरला भाऊ. त्याच्याबद्दल लिहिते आहे, पण सरांना हवं तसं नाही, घडलं तसं.

वडील लवकर गेले होते. दादा दहावी करून लोकांच्या शेतात फवारणीच्या मजुरीवर जायचा. मी नववीत होते, सुट्टीच्या दिवशी त्याच्या हाताखाली जायचे. आमच्याकडे औषध मोजायची एकच रीत होती, बाटलीचं झाकण. पंपाला दोन झाकणं, मग औषध कोणतंही असो. त्या रविवारी शेतमालकानं नवीन औषध आणलं होतं. पंपात पाणी ओतता ओतता दादा म्हणाला, "दोन झाकणं टाक वं." मी टाकली. दिवसभर प्रत्येक पंपाला टाकत राहिले. आठच दिवसांपूर्वी प्रमाणाच्या चाचणीत मला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते.

संध्याकाळी दादाला उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढं अंधारी आली. त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी सर एसटीनं आले. त्यांनी बाटली मागून घेतली, तिच्यावरची बारीक अक्षरं वाचली. मग झाकण धुऊन, सिस्टरकडून सिरिंज घेऊन त्यात पाणी भरून पाहिलं. झाकण पंधरा मिलीचं निघालं. पंधरा लिटरच्या पंपाला पाच मिली पुरे होतं. आम्ही तीस टाकत होतो, सहापट.

सरांनी व्हरांड्यात मला हळूच विचारलं, "मोजलं कोनं?"

"मी."

"आईले सांगितलं काय?"

"नाही."

"मंग आता सांगू नको. तिले झेपणार नाही."

तिसऱ्या दिवशी दादा गेला. डॉक्टरांनी कारणं बरीच सांगितली. तोंडाला फडकं नव्हतं, वारा उलटा होता, कपाशीची पऱ्हाटी डोक्याच्या वर गेली होती. आईच्या कानात त्यातलं काहीच शिरलं नाही. ती सारखं एकच विचारत होती, "माह्या पोरानं दहावी केली, मंग त्याले मोजता काहून आलं नाही?" सर पुढं झाले आणि त्यांनी हात जोडले. "ताई, चूक माही आहे. मी पोराईले सरबताचं प्रमाण शिकवलं. औषधाचं कधी शिकवलंच नाही."

आईनं ते खरं मानलं, गावानंही मानलं. मी तिथंच उभी होते आणि मी तोंड उघडलं नाही. त्याची लाज मला आजही वाटते.

मी शाळा सोडली. सर दर शनिवारी सायकलनं आमच्या घरी येत. ते दिसले की आई आत जाऊन दार लावून घेई. सर अंगणात उभे राहून मला गणितं घालत. एकदा मी म्हणाले, "मले गणित नाही पाहिजे सर. दादाले मी मारलं." ते म्हणाले, "तुले माप मालूम नव्हतं. आता आहे. ज्याले मालूम आहे त्यानंच शाळा सोडली, तर बाकीच्याईनं कोणाकडं पाहायचं?" पुढच्या सोमवारी मी वर्गात गेले.

त्या वर्षापासून नववीचं प्रमाण सरांनी पुस्तकातून शिकवणं बंद केलं. मैदानात पंप, साधं पाणी आणि प्रयोगशाळेतलं मोजपात्र घेऊन ते मुलांना बसवत. घरातल्या बाटलीवरचं लेबल मोठ्यांना वाचून दाखवायचं, हा गृहपाठ असे. निवृत्तीनंतर ते आर्णीकडच्या खेड्यांतही गेले, कृषी केंद्रांच्या दारात झाकण आणि मोजपात्र घेऊन उभे राहिले. लोकांनी त्यांचं नाव 'झाकणवाले सर' पाडलं. एका दुकानदारानं विचारलं, "सर, माहे गिऱ्हाईक कायले पळवून राह्यले?" सर म्हणाले, "पळवत नाही बाबू, वाचवून राह्यलो. जित्तं राह्यलं तर पुढच्या साली तुह्याकडंच येईल."

हा लेख देण्याआधी, मागच्या आठवड्यात, मी तो आईला वाचून दाखवला. ती तूर निवडत होती. तिनं सूप बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "तू लहान होती. तुले मी काय म्हणू?" सूप पुन्हा पुढं ओढून म्हणाली, "पण त्या माणसाले मी दारातून वापस धाडत राह्यली, अन् ते येतच राह्यले."

सर, तुमचं न ऐकता मी हे लिहिलं, रागवायचं तर रागवा. आईला तुमच्या घरी यायचं आहे. या आठवड्यात ती दोनदा धुतलेलं पातळ नेसून तयार झाली आणि दोन्ही वेळा फाटकापासून परत फिरली. तिला अजून वेळ लागेल. तेवढा काळ, आणि त्यानंतरही पुष्कळ वर्षं, तुम्ही धडधाकट असा.