दयाळूपणाच्या वर्गातले संशयी सर

“हे खरं कशावरून?” आज सोमवार आहे असं सांगितलं तरी आमचे सर हे विचारायचे. तुमच्याही ऑफिसात असा एखादा असेलच. परळच्या आमच्या कॉलेजात ते संख्याशास्त्र शिकवायचे आणि परीक्षेत कॉपी पकडायचे. दुसऱ्या कामात त्यांचा जीव जास्त रमायचा.

अशा माणसाच्या गळ्यात प्राचार्यांनी दयाळूपणाचा ऑनलाइन कोर्स मारला. मुलांच्या मनावरचा ताण हलका व्हावा म्हणून चार-चार जणांचे गट केले. दर आठवड्याला प्रत्येकाने आपलं कसं चाललंय ते गटात लिहायचं, बाकीच्यांनी धीर द्यायचा. देखरेखीला सर आणि मी.

“मॅडम, मार्कांसाठी गोड बोलतात ही पोरं,” सर म्हणायचे. मला त्यांचा राग यायचा. पोरं एकमेकांना लाल बदाम पाठवत होती आणि हे गृहस्थ त्यात चोरी शोधत बसले होते.

एका दुपारी त्यांनी मला स्क्रीनसमोर बसवलं. लालबागच्या एका मुलीने दर आठवड्याला शब्दन् शब्द तेच लिहिलं होतं. मी मस्त आहे, घरी सगळे मजेत. खाली गटाचे बदाम.

“कॉपी,” सर म्हणाले.

“स्वतःचीच? असू दे ना सर, कंटाळली असेल बिचारी.”

“मस्त असलेला माणूस दर वेळी वेगळं काहीतरी बडबडतो. ही लपवतेय.”

संध्याकाळी मला जवळजवळ ओढतच त्यांनी तिच्या घरी नेलं. दार आईने उघडलं. “बरी आसा ती, सर. दिवसभर अभ्यासच करता.”

“तिच्या तोंडून ऐकू दे.”

मुलगी बाहेर आली, मस्त आहे म्हणाली. सर खुर्चीतून उठले नाहीत. आईने चहा आणला, तो संपला तरी ते बसूनच. शेवटी मुलगी खाली बघत म्हणाली, “सर, सकाळी उठावंसंच वाटत नाही. जगावंसंपण नाही.”

दुसऱ्या दिवशी सर मायलेकींना घेऊन डॉक्टरांकडे गेले, आणि पुढेही जात राहिले. तिला सावरायला वर्ष लागलं. कोर्समध्ये सरांनी तिला पास केलं, पण कॉपीचे मार्क कापून.

गेल्या महिन्यात सर वारले. दादरच्या स्मशानाबाहेर ती भेटली. आता नोकरी करते.

“मॅडम, तुम्ही बऱ्या आहात ना?”

“हो गं, बरी आहे.”

ती गेली नाही. तशीच समोर उभी राहून माझ्याकडे बघत राहिली. तेव्हा कुठे मला रडू कोसळलं.