खारं पाणी

दुपारी पडदे ओढले की चौसाळ्यातल्या आमच्या घराच्या भिंतीवर निळा उजेड हलू लागतो. हायवेवरून ट्रक जातात, पण त्यांचा आवाज पाण्याखालून आल्यासारखा वाटतो. खोलीत काचेची टाकी आहे, समुद्राच्या पाण्याची. दोन मासे, थोडे दगड आणि एक मऊ प्रवाळ. अळंबीसारखं दिसतं, वर तंतूंची दाट झालर. ती प्रवाहात डुलायला लागली की माझी बायको म्हणायची, "ज्वारी हाय ही, पाण्यातली." शेंगा सोलत ती रोज टाकीसमोर बसायची. शेंगा संपल्या तरी उठायची नाही.

यंदा उन्हाळ्यात मी आठ दिवस नांदूरघाटला बहिणीकडे गेलतो. परत आलो तर झालर आत ओढलेली, नुसता राखाडी बुंधा उरलेला, त्यावर मेणासारखा पापुद्रा.

"काय टाकलंस यात?"

"पाणी कमी झालं, मग भरलं. बोरचं."

"बोरचं?"

"तुमीच म्हणलतात ना, याला खारं पाणी लागतं. आपल्याकडं बोरहून खारं काय हाय?"

आमच्याकडे खारं म्हणजे बोरचं, गोडं म्हणजे प्यायचं. टाकीचं गणित वेगळं आहे. पाणी उडून जातं, मीठ मागेच राहतं. म्हणून वरून घालायचं ते फिल्टरचं, अगदी साधं पाणी. बोरच्या पाण्यातले क्षार मात्र टाकीतच साठत जातात. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आल्यागेल्यासमोर "खारं लागतं याला" एवढं मात्र ऐटीत सांगायचो.

त्या दिवशी मी तिला नको ते बोललो. तुला काही कळतं का, असं. ती शेंगांचं सूप उचलून स्वयंपाकघरात गेली आणि पुन्हा टाकीसमोर बसली नाही.

खरी गोष्ट मी लपवली. फिल्टरच्या पाण्याचा जार जिन्याने वर चढवायचा कंटाळा म्हणून जायच्या आधी पंधरा दिवस मीच बोरचं पाणी ओतत होतो. झालर तेव्हाच आखडायला लागलेली. मला दिसत होतं.

मग मी रोज जार वर आणू लागलो. थोडं पाणी काढायचं, त्यासोबत मीठही जातं म्हणून तेवढ्याच फिल्टरच्या पाण्यात समुद्री मीठ विरघळवून घालायचं. सुई काढलेल्या सिरिंजने पापुद्र्यावर हलकी धार सोडायची. पापुद्रा सुटून पाण्यात तरंगायचा, मी जाळीने काढायचो. बुंधा तसाच मिटलेला. जेवताना ती समोर असायची. सांगावं असं रोज वाटायचं, आणि रोज मी चपातीचा तुकडा मोडायचो. प्रवाळ मेलं तर दोष तिच्याच नावावर राहील, आणि मी तो राहू देईन, याची मला भीती वाटायची.

एके दिवशी दुपारी डोळा लागला होता. जाग आली तेव्हा भिंतीवरच्या निळ्यात काहीतरी बारीक हलत होतं. टाकीजवळ गेलो. बुंध्याच्या एका कडेला पाच-सहा तंतू बाहेर आलेले, नखाएवढे. कितीतरी वेळ मी श्वास जपून घेत उभा होतो.

मी तिला हाक मारली. ती दारात थांबली.

"आधी मीच टाकत होतो बोरचं," मी म्हणालो. "तू टाकायच्या आधीपासून. तुझ्यावर उगीच ढकललं."

"ठाऊक हाय."

"कसं?"

"टाकीची बादली बोरच्या नळाखालीच ठेवून गेलतात की. भरलेली. मी तीच ओतली." ती आत आली, काचेशी वाकली. "मी म्हणलं, बघू, किती दिवस लागतेत तुमाला."

तंतू एकाच बाजूला झुकत होते, पुन्हा सरळ होत होते.

"उगवलीय थोडी," ती म्हणाली. मग आत जाऊन शेंगांचं सूप घेऊन आली आणि माझ्यासमोर ठेवलं. "तुमी सोला आज. मी बघते."