सायगावच्या खाऊनं भरलेली ओटी

व्हिएतनामची फळं आमच्या पंचक्रोशीत सगळ्यांत आधी कुणी खाल्ली असतील तर ती आम्ही. यात फुशारकी मारण्यासारखं काही नाही. ती खाल्ली नसती तर बरं झालं असतं असं मला अजूनही वाटतं, आणि ती चवीला फार छान होती हेही तितकंच खरं आहे.

आमचं गाव श्रीरामपूरच्या बाजूला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला. कालवा आमच्यापर्यंत नुसता नावाला पोचला होता. माझा थोरला भाऊ, दादा, मॅट्रिक होऊन लष्करात कारकून झाला होता. एकाहत्तरच्या गणपतीत तो सुट्टीवर आला आणि परत गेल्यावर त्याला नगरच्या छावणीतून एकदम सायगावला पाठवलं. तिकडच्या लढाईवर लक्ष ठेवायला निरनिराळ्या देशांचे लोक बसवले होते, त्यात आपलेही होते, आणि साहेब म्हटला की त्याच्यामागं टाइप करणारा कारकून आलाच. सायगाव म्हटल्यावर आत्या म्हणाली, "शिर्डीच्या कुठल्या अंगाला आलं ते?" मी नकाशा काढून दाखवला. तिनं नकाशाकडं न बघता, "मंग लांब हाय," एवढंच म्हटलं.

ही आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडं आली होती आणि वडील गेल्यावर घराच्या सगळ्या किल्ल्या तिच्या कमरेला गेल्या. आई तिच्यासमोर मान वर करून बोलायची नाही. मी मॅट्रिक होऊन गावातल्या शाळेत शिकवायला लागले होते, मी बोलायचे, पण माझं कोण ऐकतंय.

दादा गेला तेव्हा वहिनीला दिवस गेले होते. ही तिसरी खेप. आधीच्या दोन्ही वेळा पाचव्या-सहाव्या महिन्यात गर्भ गेला होता. आत्यानं या वेळी सगळ्यांसमोर, वहिनी भाकरी थापत असताना सांगून टाकलं होतं, "या खेपेला पदरात काय पडलं न्हाई, तर हिला माहेरी धाडायची. पोराला दुसरी बगू." सरकारी नोकरीत दोन बायका चालत नाहीत, त्यामुळं दुसरी आणायची तर पहिलीला आधी घालवावी लागते, एवढा कायदा आत्याला बरोबर ठाऊक होता. वहिनीच्या माहेरी तरी काय होतं? आई-बाप गेलेले, भावजय तोंडानं तिखट. तिथं गेली असती तर दुसऱ्याच्या दारात राबून मेली असती. वहिनीनं भाकरी उलटली. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

दादा परत आला तो चैत्रात. तिथलं आपल्या लोकांचं काम आवरत आलं होतं म्हणून त्याला लवकर सोडलं. आदल्या साली पाऊस झाला नव्हता. विहिरी तळाला गेल्या होत्या, श्रीरामपूरच्या बाजारात फळ म्हणून बघायला मिळत नव्हतं. अशात दादानं ओसरीवर काळी ट्रंक उघडली आणि घरभर गोड वास सुटला.

तो एकेक पुडा काढायचा आणि त्याची गोष्ट सांगायचा. केळी लांबट कापून, चापट दाबून, बांबूच्या तट्ट्यावर उन्हात वाळवलेली. आपण पापड घालतो तशी तिथल्या बायका गच्चीवर केळी घालतात म्हणाला. फणसाचे वाळके गरे. साखरेत घोळलेल्या खोबऱ्याच्या लांब फिती. आल्याचे काप, कमळाच्या बिया, लिंबाएवढी सबंध संत्री, सगळं साखरेत मुरवलेलं. एक काळं सुरकुतलेलं फळ होतं, आंबट आणि खारट, आवळ्याच्या सुपारीच्या जवळपासचं. आणि काचेसारखे पांढरे, पलीकडचं दिसेल असे तुकडे. ते बघून आई म्हणाली, "हा तर पेठा." दादा म्हणाला, "तसाच. मी राहायचो त्या घरातली म्हातारी करायची, तिकडच्या वर्षाच्या सणाला. चुन्याच्या निवळीत भिजवते, मग पाकात सोडते." आमच्याकडं पेठा कोहळ्याचाच असतो. कशाचा आहे हे कुणी विचारलं नाही.

आत्यानं उपासाला काय चालतं ते विचारून घेतलं आणि खोबऱ्याच्या फिती आपल्या फडताळात ठेवल्या.

संध्याकाळी दादा ओसरीवर बसून तिथल्या रस्त्यांबद्दल सांगायचा. वहिनी आत उंबऱ्याजवळ, भिंतीला टेकून. तिथल्या बायका खांद्यावर कावड घेऊन फिरतात, एका टोपलीत फळं, दुसरीत सुरी आणि तिखटमीठ. कैरी, पेरू, अननस, सगळ्याला तिखटमीठ लावून देतात. अननस असा सोलतात की डोळे काढता काढता त्यावर गोल नागमोडी चर पडत जातात. मी म्हटलं, "त्यात काय, आपल्या एस.टी. स्टँडवर पेरूला तिखटमीठ लावून देतातच की." दादा हसला. म्हणाला, "म्हणूनच तर पहिल्या दिवशी तिथं उभा राहिलो आणि गिळता येईना. रडायला आलं." एक लाल केसाळ फळ सांगितलं. एक फणसासारखं काटेरी, ज्याच्या वासानं त्याच्या साहेबानं आचाऱ्याला बंगल्याबाहेर काढलं होतं. एक गुलाबी, निवडुंगाला लागणारं. त्यावर आत्या म्हणाली, "निवडुंगाची बोंडं आमच्या बांधाला बी हायेत, त्याला कशाला समिंदर वलांडायचा?" हल्ली ते गुलाबी फळ नगरला सावेडीत आमच्या कोपऱ्यावर ढिगानं मिळतं. मी त्या बाजूनं जात नाही.

वहिनी त्या दिवसांत फार गप्प होती. दादाला वाटलं लाजते आहे, मला वाटलं भीती आहे. आईनं एका दुपारी तिला पाटावर बसवलं आणि तिची ओटी भरली. आत्याचा थाटामाटाच्या डोहाळजेवणाला विरोध होता, दृष्ट लागते म्हणून. पण नुसत्या ओटीला ती काही बोलली नाही. ओटीत पाच फळं लागतात. बाजारात एक नव्हतं. मग आईनं ट्रंकेतली घेतली: केळं, फणस, संत्र, ते काळं सुरकुतलेलं, आणि पाचवे पांढरे तुकडे. खण, तांदूळ, हळकुंड आणि सायगावचा खाऊ. ओंजळ रिकामी करताना आईचे डोळे भरले होते. मला वाटलं, आनंदानं.

दादानं मग सगळ्यांच्या देखत वहिनीला एक पांढरा तुकडा दिला. आमच्या घरात नवऱ्यानं बायकोच्या हातावर काही ठेवणं म्हणजे तमाशाच. आत्यानं नाक मुरडलं. वहिनीनं तुकडा खाल्ला, आणखी एक खाल्ला. घास पोटात ठरत नव्हता बाईच्या, पण ते तिला गेलं. पुढं ती तेच खात होती आणि दादा खुशीत होता.

मग तिला कळा सुरू झाल्या. दिवस भरायला पुष्कळ अवकाश होता. बैलगाडीनं श्रीरामपूरच्या दवाखान्यात नेलं. दुपारी मुलगा झाला, मेलेला.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी आईला आत बोलावून घेतलं. आम्ही व्हरांड्यात होतो. आत्या भिंतीला टेकून बसली होती, तिनं डोळ्याला पदर लावला, काढला आणि लगेच सुरुवात केली, "झालं. म्या सांगितलंच हुतं. आता तिला हितूनच तिच्या भावाकडं..." तेवढ्यात आई बाहेर आली. दारात उभी राहिली. आत्याकडं बघितलं, मग दादाकडं.

"ते पांढरं कशाचं हुतं रं?" तिनं विचारलं.

"कुठलं?"

"पेठ्यावाणी. तिला खायला घातलास ते."

दादा म्हणाला, "कच्च्या पपईचं."

आमच्याकडं पोटुशी बाईला पपई दाखवत नाहीत. हे पोरींना शिकवावं लागत नाही, हवेतूनच कळतं. पोरांना मात्र कळत नाही, त्यांना कोण सांगणार? आईनं दोन्ही हातांनी कपाळ बडवून घेतलं. "आरं माज्या लेका," ती ओरडली, "पपई! पोटच्या पोराला पपई घातलीस रं!" सबंध व्हरांडा वळून बघायला लागला. आई हळू बोलणारी बाई, तिचा असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. आत्याचं तोंड उघडं राहिलं. दादा भिंतीला पाठ लावून सावकाश खाली बसला.

त्यानंतर वहिनीला माहेरी धाडायची भाषा घरात कुणी काढली नाही. आत्याच पाहुण्यारावळ्यांना सांगायची, "पोरीचा काय बी दोस न्हाई वो. आमच्याच येड्यानं." वहिनीची कूस निर्दोष ठरली. आत्यानं तिला तूप वाढायला सुरुवात केली. दादा सुट्टी अर्धी टाकून नव्या ठिकाणी, पार पूर्वेच्या सरहद्दीकडं निघून गेला. जाताना ट्रंकेतला उरलेला सगळा खाऊ त्यानं उकिरड्यावर नेऊन ओतला.

पाऊस त्याही वर्षी आला नाही. दिवाळीनंतर दादा थोड्या दिवसांसाठी आला, पण ओसरीवर झोपायचा आणि वहिनीशी बोलायचा नाही. रागानं नव्हे, त्याला तिच्याकडं बघवतच नव्हतं. ताट घेऊन ती आली की तो खाली बघायचा. एकदा शेजारणीनं कुठूनशी चार बोरं आणून दिली, तर हा उठून गोठ्यात गेला. इतक्या हुशार, इंग्रजी टाइप करणाऱ्या माणसाला मी सांगून थकले की पपईच्या चार तुकड्यांनी असं काही होत नाही. तो ऐकून घ्यायचा. माझं बोलणं संपलं की, "हं," म्हणायचा.

त्याच दिवसांत मी आणि वहिनी रेशनची तांबडी मिलो ज्वारी निवडत बसलो होतो. सुपातले खडे वेचता वेचता ती म्हणाली, "वन्सं, ते यायच्या आदीच थांबलं हुतं."

"काय?"

"हलायचं. आठवडाभर आदी आसंल. म्या आईला सांगितलं हुतं. आई म्हनली, पोरं निजत्यात पोटात, त्यो येतोय तर दारातच नको सांगू. मंग ते इतके खुशीत आले, मला तोंड उघडंना."

माझ्या हातातलं सूप तिथंच राहिलं. "आणि डॉक्टरीणबाई?"

"त्यांनी तेच सांगितलं आईला. लई आदी गेलंय म्हनून."

मी तशीच उठून आईकडं गेले. ती गोठ्यात शेणाला बसली होती. मी जे तोंडाला येईल ते बोलले. आईला मी खोटारडी म्हटलं, ते पहिल्यांदा आणि शेवटचं. तिनं शेण बाजूला सारलं आणि हात तसेच अधांतरी धरून म्हणाली, "मंग काय करू? तुज्या आत्यानं तिथनंच तिचं बोचकं बांदलं असतं. तिला हाय का कुनी?"

"आणि दादा?"

"त्यो पुरुसमाणूस हाय. नोकरी हाय, दुनिया बगतो. इसरंल."

वहिनीचं पुढचं आयुष्य तिनं एका क्षणात, व्हरांड्यात उभ्या उभ्या वाचवलं होतं. दादाचा हिशेब मात्र तिनं चुकीचा केला होता, आणि ते तिला अजून कळलेलं नव्हतं. मला तिचा संताप आला होता आणि तिच्या पाया पडावंसं वाटत होतं.

दादाला पोचवायला स्टेशनवर मी गेले. मनमाडकडं जाणारी गाडी यायची होती. वहिनीला विचारून गेले होते, सांगू का म्हणून. ती म्हणाली होती, "सांगा. त्यांना एकट्यालाच सांगा. आत्याबाईंच्या कानावर गेलं तर मी संपले." फलाटावर बाकावर बसून मी त्याला सगळं सांगितलं. मूल हलायचं कधी थांबलं, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या, आईनं काय केलं आणि का.

त्यानं सगळं ऐकलं. मग माझ्याकडं बघून थोडा हसला, लहान मुलानं काहीतरी शहाणपणाचं बोलल्यावर हसतात तसा.

"आई आयुष्यात कधी खोटं बोललेली तुला आठवते?" त्यानं विचारलं.

मला आठवत नव्हतं. आई पाव्हण्यांना साखर संपली म्हणूनसुद्धा खोटं सांगायची नाही. मी चिडून म्हटलं, "अरे, मला वहिनीनं सांगितलंय. तिनं स्वतः!"

तेव्हा त्याचा चेहरा बदलला. मला वाटलं, सुटला. त्याचे डोळे भरून आले, त्यानं रुमाल काढला आणि बराच वेळ तोंडावर धरून ठेवला.

"बघ," तो म्हणाला, "मी तिचं एवढं वाटोळं केलं, आणि ती माझ्यासाठी खोटं बोलते."

गाडी आली. तो ट्रंक उचलून चढला.

मी घरी पोचले तेव्हा वहिनी अंगणात उभी होती. आत्या ओसरीवर वाती वळत होती, म्हणून वहिनी माझ्या हातातली पिशवी घ्यायच्या निमित्तानं जवळ आली आणि पुटपुटली, "काय म्हनले?"

मी म्हटलं, "गाडी लवकर आली. बोलणं झालंच नाही."

"आसू द्या," ती म्हणाली. "पुढल्या सुट्टीत सांगू."

तिनं पिशवी घेतली आणि माझ्यासाठी चहा टाकायला आत गेली.