पायाळू आणि पुस्तकातली सुईण

बाळाचा एक पाय बाहेर आला होता आणि बाकीचं बाळ हलायला तयार नव्हतं. वर वळवाचं आभाळ गडगडत होतं. बंगल्याच्या राखणदाराची म्हातारी आई माझ्या गुडघ्यांपाशी बसली होती. तिने तो पाय धरला.

"आजी, हात काढा," अमेरिकन बाई म्हणाल्या.

"काडू कशी? पायाळू हाय हे. पायाळूवर ईज येती. असं अर्धंमुर्धं ऱ्हायलं तर घरावरच पडंल. वढून घेते."

"ओढायचं नाही."

"तुमी किती बाळतपनं केली?"

"एकही नाही."

"मंग सरा बाजूला."

बाई सरल्या नाहीत. त्यांनी म्हातारीची दोन्ही मनगटं धरून ठेवली.

हे भंडारदऱ्याच्या बाजूला घडलं, दुसरी मोठी लढाई चालू असताना. माझा नवरा फौजेत होता. मी पारनेरकडची, चौथी शिकलेली, बाईंकडे स्वयंपाकाला होते. बाई नगरच्या एका शाळेत मुलींना शिकवायच्या आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत पुस्तकांची ट्रंक घेऊन डोंगरातल्या या बंगल्यात येऊन राहायच्या. बाळाला अजून महिना अवकाश होता, म्हणून मीही आले होते. बाळाने वाट पाहिली नाही.

ट्रंकेतली पुस्तकं बाईंच्या मुलखातल्या लेखकांची होती. अमेरिका म्हटल्यावर मला उंच घरं तेवढी माहीत. बाईंचा मुलूख वेगळा होता. डोंगर, मक्याची भाकरी, लांब लांब एकेक घर. तिथल्या माणसांवर बऱ्याच जणांनी लिहिलं होतं, आणि शहरातले विद्वान ते सगळं अडाण्यांच्या गोष्टी म्हणून बाजूला सारत. बाईंना त्यावर प्रबंध लिहायचा होता. यातलं अस्सल कोणतं, आणि चार दिवस पाहुणा येऊन गेला त्याने लिहिलेली गंमत कोणती, हे त्यांना निवडून दाखवायचं होतं. हा लेखक तिथे थंडीत राहिला होता का, की फुलं फुलल्यावर येऊन गेला, याचाच विचार त्या तासन्‌तास करत.

मी तांदूळ निवडायला बसले की त्या मला वाचून दाखवत, मराठीत करून. त्यात एका लेखिकेच्या कादंबरीत डोंगरातली एक सुईण होती. मूल पायाळू येतं तेव्हा ती हात मांडीवर ठेवून नुसती बसते. बाळंतिणीला उभं करते, पलंगाचा खांब धरायला लावते. मूल आपोआप खांद्यापर्यंत सुटलं की मग ऊन कपड्यात धरते आणि पाय वर उचलते. शेजारीण घाई करते, ओढ म्हणते, सुईण ऐकत नाही.

मी म्हटलं, "खोटं आहे बाई. कुठली सुईण हात बांधून बसेल? घरचे मारतील तिला."

"मलाही शंका येते," बाई म्हणाल्या, आणि पानाच्या कडेला पेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढलं.

आता त्या मला तेच सांगत होत्या. "उभी राहा. चौकट धर." मला उभं राहवत नव्हतं, तरी राहिले. मला दुसरं कोण काय सांगणार होतं? म्हातारीने अखेर पाय सोडला, वीज परतवायला अंगणात कोयता टाकून आली आणि दारात उभी राहून ओरडायला लागली, "बघत काय बसलीस मडमे, वढ की!" बाई बसूनच राहिल्या. हात मांडीवर होते, ते मला वरून दिसत होतं. कळा येत गेल्या. दुसरा पाय आला, कंबर आली, खांदे आले. मग त्यांनी ऊन टॉवेलात बाळ धरलं, पाय वर उचलले आणि डोकं सुटलं.

बाळ रडेना. तेव्हा म्हातारी पुढे झाली. "द्या हिकडं. आता माजं काम." तिने तोंडात बोट घालून चिकटा काढला, तळव्यांवर टिचक्या मारल्या. बाळ रडलं.

"पोरगी हाय," ती म्हणाली. "आन् काळी हाय."

बाई बाहेर जाऊन ओकल्या.

संध्याकाळी म्हातारीने त्यांना विचारलं, "कुटल्या गावची ती सुईन?"

"पुस्तकातली. एका बाईने लिहिलेली."

"लिवनारीनं बगितलं आसंल मंग. घरात बसून असलं सुचत न्हाई."

बाईंनी पुस्तक उघडलं आणि रबराने ते प्रश्नचिन्ह खोडलं. मग बराच वेळ काही लिहीत बसल्या.

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही परत तिथे गेलो. लिहून लिहून बाईंची पाठ धरली होती. पाठदुखीवर पायाळूची लाथ उतारा, म्हणून म्हातारीने त्यांना चटईवर पालथं झोपवलं आणि माझ्या मुलीला त्यांच्या पाठीवर नाचवलं.

"गुन आला का?"

"नाही," बाई म्हणाल्या.

"मंग आनकी दोन घ्या."

प्रबंध पुरा झाला आणि बाई त्यांच्या देशात गेल्या. तो मी पाहिलेला नाही. पाहिला तरी मला वाचता येणार नाही. त्या लेखिकेचं नावही माझ्या जिभेवर कधी बसलं नाही. देवाचे आभार मानताना मी बाईंचे मानते, म्हातारीचे मानते, आणि जिला मी खोटारडी ठरवलं होतं त्या लेखिकेचेही मानते. मुलगी आता आजी झाली आहे. आभाळ गडगडलं की झाडाखाली थांबत नाही, एवढं एक आहे.

त्या दुपारी ती जगली. मीही जगले.