चौकड्यांच्या चादरीवर मांडलेला महिना

‘आमच्या दवाखान्यात दर महिन्याच्या पंचवीस तारखेला एक बाई जमिनीवर चादर अंथरते आणि एकतीस बायकांनी कधी झोपायचं ते ठरवते.’

हे वाक्य मी माझ्या पहिल्या पत्रकासाठी लिहिलं होतं, संतापून. आता वाचते तेव्हा त्यात संताप थोडा आणि हेवाच जास्त दिसतो. लपवून उपयोग नाही. बाईंचा मला हेवा वाटायचा.

बाई म्हणजे आमच्या इन्चार्ज सिस्टर. नर्सा आणि आया मिळून आम्ही एकतीस जणी. सगळ्यांच्या पाळ्या त्या लावायच्या. चादर वॉर्डातलीच, निळ्या चौकड्यांची, धुऊन धुऊन पातळ झालेली. आडव्या ओळीत दिवस, खाली एकेका दिवसाची तीन घरं: सकाळ, दुपार, रात्र. प्रत्येकीचं एक बटण. जुनी जाणती सिस्टर म्हणजे कोटाचं मोठं बटण, नवी पोरगी म्हणजे शर्टाचं बारीक. रात्रीच्या घरात एक तरी मोठं बटण हवंच, म्हणजे लेकराच्या हाताला सलाईनची सुई लावता येणारं कोणीतरी असणारच. दुपारच्या घरातलं बटण दुसऱ्या दिवशी सकाळच्या घरात दिसलं की बाई ते लगेच उचलायच्या. “रात्री नऊले गेली, सकाळी सातले आली, मंग घरी का नुसती तोंड धुवाले गेलती?” माझं बटण लाल होतं. लालच का, असं विचारलं तेव्हा म्हणाल्या, “तू चटकन दिसली पाह्यजे मले.”

मी नवीन सिस्टर होते तेव्हा एकदा त्यांनी मला शेजारी बसवलं आणि म्हणाल्या, लाव पाहू. मी शहाण्यासारखी एक तारखेपासून सुरुवात केली. दहा तारखेपर्यंत सगळं झकास बसलं, पंधरा तारखेला अडलं, वीसला माझ्या हातात सहा बटणं उरली आणि एकही घर त्यांना घेईना. बाई हसल्या. “तारखीनं काऊन जाते वं? तारखीले काय अडचण हाये? अडचण माणसाले अस्ते. आधी अडलेलं बसव, मोकळं आपोआप बसते.” मग त्यांनी सगळी बटणं काढली आणि पहिलं ठेवलं ते शोभाचं. शोभा आया होती. देवळीहून यायची. दुपारपाळी सुटेपर्यंत तिची शेवटची बस निघून गेलेली असायची आणि घरी अंगावर पिणारं लेकरू. तिला चालणारी घरं मोजकीच. ती आधी भरली. जवळच सिंदी मेघेला राहणारी, सायकलवाली, बिनलग्नाची मी सर्वांत शेवटी. उरलं ते माझं.

दुसरं एक त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. कुणाला अचानक सुट्टी हवी असली की ती आधी मैत्रिणीकडे जायची, मैत्रिणीला जमायचं नाही, मग दोघी तोंडं पाडून बाईंकडे. बाई म्हणायच्या, “दोघीत सुटत नाई ते तिघीत सुटते.” एकीचं बटण दुसरीच्या घरात, दुसरीचं तिसरीच्या, तिसरीचं पहिलीच्या. कुणाची रात्र वाढायची नाही, कुणाची सुट्टी जायची नाही. तिघी चहा पिऊन निघून जायच्या. हे सगळं जेवणाच्या सुट्टीतल्या अर्ध्या तासात.

आणि त्याच अर्ध्या तासात मी फाटकाशी पत्रकं वाटत उभी असायची.

मी विद्यार्थी संघटनेतून आलेली. पत्रक कसं लिहायचं ते मला शिबिरात शिकवलं होतं: मथळा जाड, वाक्य आखूड, शत्रू एक. एका पत्रकात मी आठ मागण्या छापल्या. शोभाचा प्रश्न चौथी मागणी होता. शोभानं पत्रक घेतलं, त्यात फुटाणे बांधले आणि बाईंच्या खोलीसमोरच्या रांगेत जाऊन उभी राहिली. बाईंनी दोन बटणं सरकवली आणि माझी चौथी मागणी संपली. त्या रांगेकडे पाहून माझा जळफळाट व्हायचा. यांच्यासाठी मी घसा फोडते, मेमो खाते, आणि विश्वास कुणावर? तर व्यवस्थेतल्याच एका बाईवर! माझा शत्रू खरं तर व्यवस्थापक असायला हवा होता. पण तो कूलरच्या खोलीत बसायचा, कधीमधी दिसायचा. बाई रोज दिसायच्या.

माझं म्हणणं साफ चूक होतं असं मात्र मी आजही म्हणणार नाही. एकतीस बायकांचा महिना एका डोक्यात असावा, हे बरं नव्हे. लिहिलेला नियम एकही नाही. बाई एकदा तापानं आठवडाभर घरी होत्या तेव्हा चादर तशीच घडी करून कपाटात पडली. कुणालाच ती मांडता येईना, आणि दोघी-दोघींना दोन-दोन पाळ्या सलग कराव्या लागल्या. माणूस चांगलं आहे यावर दवाखाना चालवायचा का? उद्या वाईट आलं तर? हे मी लिहायला हवं होतं. मी लिहिलं ते वेगळंच.

बाईंनी चादरीवरून उतरवून बोर्डावर लावलेले जुने चार्ट मी गोळा केले, सहा महिन्यांचे, आणि प्रत्येकीच्या रात्री मोजल्या. कुणाच्या तीस, कुणाच्या पस्तीस, चार जणींच्या पंचवीसच्या आत. झालं! मथळा जाड: ‘बाईंच्या लाडक्या कोण?’ खाली चार नावं. त्यात शोभाचंही. शेवटी मागणी: ‘पाळ्या व्यक्तीच्या मर्जीने नव्हे, नियमाने लावा.’

गुरुवारी दुपारी दोन वाजता, सकाळपाळी सुटल्यावर, सायकल स्टँडवर सभा. माझी सभा नेहमी गुरुवारीच असायची. त्या दिवशी पहिल्यांदाच गर्दी झाली. मी खूश. भाषण रंगात आलं, आणि शोभानं हात वर केला.

“काय वं पत्रकवाली, एक पुसू का?”

“पूस ना.”

“माह्या रात्री तेवीस. बराबर लिहिल्या तू. तुह्या किती?”

“माझ्या?”

“तुह्याच वं. सगळ्यायच्या मोजल्या, तुह्या कुठी गेल्या?”

मी मोजल्या नव्हत्या. लपवल्या नव्हत्या, शपथेवर सांगते. मोजायचं डोक्यातच आलं नव्हतं. मोजणारीनं स्वतःला धरून मोजायचं असतं, हे कुठल्या शिबिरात शिकवत नाहीत. चार्ट माझ्याच पिशवीत होते. मागच्या कुणीतरी ओरडलं, “काढ न वं बाहेर, आमीबी पाह्यतो!” काढले. सायकलीच्या सीटवर ठेवून शोभा मोठ्यानं मोजू लागली, बाकीच्या तिच्याबरोबर. सतरावर थांबल्या. पुढे मोजायला काही नव्हतंच. एकतीस जणींत सर्वांत कमी. आणि गुरुवारी सहा महिन्यांत एकदाही दुपारपाळी नाही, रात्र नाही. सकाळपाळी, नाहीतर सुट्टी.

“बाप्पा! लाडकी त हेच निंगाली!” कोणीतरी म्हणालं आणि अख्खा स्टँड हसला.

मी म्हटलं, मला माहीत नव्हतं. शोभा म्हणाली, “तुले नसन माहीत. आमाले हाये. आमीच घेतल्या वाटून तुह्या रात्री. बाईनं एकेकीले इचारलं होतं. म्हने, हिचं तोंड चालते, आपलं चालत नाई. कोणीतरी बोलाले मोकळी पाह्यजे का नाई?”

“मग मला का नाही सांगितलं?”

“बाई म्हने, सांगू नोका. सांगसान त लाजन, अन् लाजली का गप बसन.”

तेव्हा मला उपकृत वगैरे वाटायला हवं होतं. वाटला तो हेवाच, आधीच्या दसपट. माझा विरोधसुद्धा या बाईनं मांडून दिलेला! आणि एवढ्या बायकांनी एक गुपित सहा महिने सांभाळलं, ते माझ्यासाठी खरं, पण तिच्या शब्दावर. मी आठ मागण्या छापून त्यांच्याकडून साधी सही मिळवू शकत नव्हते.

पुढच्याच आठवड्यात व्यवस्थापकांनी मला बोलावलं. माझं पत्रक फाइलला लावलेलं, शेवटच्या ओळीखाली लाल रेघ. “मॅडम, तुमची मागणी आम्ही मान्य करतो आहोत. पाळ्या आता कॉम्प्युटर लावेल. नागपूरहून माणूस येतोय. इन्चार्जबाईंना ओपीडीत नोंदणीला बसवू.” मी म्हटलं, मला तसं म्हणायचं नव्हतं. ते म्हणाले, “तुमच्याच सहीचा कागद आहे.” आठ मागण्यांपैकी तीच एक मान्य झाली. ज्यात त्यांचं काही जात नव्हतं आणि बाई हटत होत्या, तीच.

मी बाईंकडे गेले. त्या स्टोअरमध्ये सुया मोजत होत्या. मी म्हटलं, मी मागणी मागे घेते.

“काऊन? बराबरच लिहिलं तू. मर्जीच होती ते. चांगली असली म्हनून काय झालं, मर्जी ते मर्जी. माह्या मागं कोनाले येते हे? कोनालेच नाई. ते माही चूक.”

“पण त्या चार नावांचं...”

“ते चुकलं तुहं. त्या पोरीयची माफी माग. माही नोको मागू.”

“पत्रक काढते तसं.”

“कागदावर नोको. तोंडानं.”

मागितली. एकेकीच्या वॉर्डात जाऊन. शोभानं ऐकून घेतलं आणि हातातलं बेडपॅन माझ्या हातात दिलं, “धर जरा,” म्हणून निघून गेली. मी ते धुतलं.

नागपूरचा माणूस आला. पोरगा सज्जन होता. बाई त्याच्या शेजारी दोन दिवस बसून कुणाला काय चालत नाही ते सांगत होत्या. त्याच्या यादीत ‘शेरा’ नावाचा एक रकाना होता आणि त्यात वीसच अक्षरं मावायची. शोभाची अडचण वीस अक्षरांत बसेना. बाई म्हणाल्या, “कमी करून पाह्य बरं.” त्यानं ‘देवळी, बस, बाळ’ असं लिहिलं. यंत्रानं ते वाचलंच नाही. त्याला फक्त आकडे कळायचे. पहिल्या चार्टात सगळ्यांच्या रात्री अगदी सारख्या आल्या. माझ्यासुद्धा. पहिल्याच आठवड्यात शोभाला दुपारपाळी होती, आणि माझी गुरुवारी रात्र. समानता मी मागितली होती, ती मिळाली. कुणाशी भांडू?

बाई वर्षभर ओपीडीत चिठ्ठ्या फाडत बसल्या आणि निवृत्त झाल्या. नालवाडीला राहायच्या, म्हणजे काही लांब गेल्या नाहीत. पण दवाखान्यात पुन्हा पाऊल ठेवलं नाही. निरोपाच्या दिवशी बायका रडल्या. मी कोरड्या डोळ्यांनी किती जणी रडतात ते पाहत होते. हेव्याची सवय अशी एका दिवसात सुटत नाही.

जाण्याआधी बाई व्यवस्थापकांना एक सांगून गेल्या, हे मला मागाहून कळलं: चार्टाची तक्रार ऐकायला कर्मचाऱ्यांतलं कुणीतरी बसवा, त्या पत्रकवालीलाच बसवा, ती निदान भांडेल तरी. मला टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. पुढच्या महिन्याचा चार्ट लागला आणि जेवणाच्या सुट्टीत माझ्यासमोर रांग उभी राहिली. इतकी वर्षं मी जिच्यासाठी जळले ती रांग. सर्वांत पुढे शोभा.

मी अर्जाचा कागद तिच्यापुढे सरकवला. तिनं तो बाजूला केला. “कागद राहू दे. आयकून घे फक्त.”

आणि सांगू लागली. लेकराला दोन दिवसांपासून खोकला आहे, सासूला डोळ्यानं दिसत नाही, नवरा आठ दिवस कापसाच्या जिनिंगवर आहे, रात्र केली तर अमकं, सकाळ केली तर तमकं. इतकं सविस्तर माझ्याशी ती कधीच बोलली नव्हती. मला भरून आलं. आणि मधेच लक्षात आलं, ती माझ्याकडे पाहतच नव्हती. बाईंना सांगण्याची जुनी सवय होती, ती पुरी करत होती.

मी ऐकून घेतलं.