न धुतलेला सदरा

नागपुरात अल्सेशियन पाळणं हा मुळातच उफराट्या डोक्याचा उद्योग. मे महिन्यात माणसं भाजून निघतात, तिथे त्या केसाळ जनावराची काय कथा! तरी त्यांचा क्लब निघाला, आणि तो काढला माझ्या बाबांनी, गांधीबागेत कापडाच्या दुकानात जन्म घालवलेल्या माणसानं. साठच्या दशकात कामठीच्या छावणीतले काही साहेब बदली झाली की कुत्री मागेच सोडून जात. असंच एक कुत्रं रिकाम्या बंगल्याच्या व्हरांड्यात बांधलेलं बाबांना दिसलं. ते त्यांनी सोडवून घरी आणलं. "घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं," आई म्हणाली.

हळूहळू बाबांसारखेच आणखी वेडे जमले. त्यात एक दातांचे डॉक्टर होते, सावनेरकडच्या कोळसा खाणीतले एक इंजिनियर होते. रविवारी आमच्या अंगणात बैठक बसे. पिलांचे कान उभे राहतील की नाही यावर मोठी माणसं हातघाईवर येत. उन्हाळ्यात वाळ्याच्या ओल्या पडद्यामागची जागा कुत्र्यांची, आम्ही आपले बाहेर. थंडीत शाळेच्या मैदानावर प्रदर्शन भरे, तेव्हा बाबा नवरदेवासारखे मिरवत. आई चहा करी आणि तोंडानं त्यांचा उद्धार करी. कुत्र्याला तिनं कधी हात लावला नाही.

क्लबचा एक नियम बाबांचाच होता. सभासदाची बदली झाली किंवा तो वारला, तर कुत्रं वाऱ्यावर सोडायचं नाही. क्लब सांगेल त्या सभासदानं ते न्यायचं. सोबत जुन्या मालकाचा अंगातून उतरवलेला सदरा द्यायचा, न धुता. नव्या घरी तो अंथरला की कुत्रं त्यावर निजतं, खाऊ लागतं, रुळतं. या सदऱ्यांवरून आई त्यांची फार खोडी काढायची.

मी कॉलेजात होते तेव्हा बाबा गेले. दुकानात बसल्या बसल्या. मला रडू आलं नाही. लोक येत होते, मी पाणी देत होते, आणि सगळं दुसऱ्या कुणाच्या घरी चाललंय असं वाटत होतं. आईही रडली नाही. खुंटीवर त्यांचा आदल्या दिवशीचा सदरा होता, तो तिनं घडी न घालता कपाटात ठेवला. बाकीचे कपडे वाटून टाकायला गाठोड्यात बांधले.

तेरवी झाली आणि क्लबची मंडळी आली. आमच्याकडे तेव्हा एकच कुत्री होती, ती सावनेरच्या इंजिनियरांकडे जायची ठरली होती. नियम बाबांचा, त्यावर काय बोलणार? डॉक्टर चाचरत म्हणाले, "वहिनी, तो सदरा..."

आई आत गेली आणि गाठोड्यातला धुतलेला, इस्त्रीचा सदरा घेऊन आली. डॉक्टरांनी तो हातात घेतला, त्याची कडक घडी पाहिली आणि तसाच जीपमध्ये नेऊन ठेवला. जीप गेली. मी अंगण झाडून घेतलं. वाईट वाटायला हवं होतं, पण वाटलं नाही.

आठवड्याभरात इंजिनियर स्वतः आले. बसलेसुद्धा नाहीत.

"वहिनी, ते काहीच खाऊन नाही राहिली. पाण्याले तोंड लावते तेवढंच. असं चाललं तं मरंन. अंगातला एखादा सदरा असंन तं द्या."

"नाही आहे गा," आई म्हणाली.

ते मान हलवून निघून गेले. आई त्या दिवशी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं कपाट उघडलं, सदरा पिशवीत घातला आणि मला म्हणाली, "चाल वं, सावनेरले जाऊन येऊ."

इंजिनियरांच्या क्वार्टरमागे कुत्री भिंतीला लागून पडली होती. बरगड्या दिसत होत्या. आम्हाला पाहूनही उठली नाही. आईनं सदरा तिच्यापुढे ठेवला. नाक हललं. मग तिनं सदऱ्याच्या काखेत तोंड खुपसलं आणि पुढच्या पायांनी तो ओढून पोटाशी घेतला. बराच वेळ तशीच होती. मग धडपडत उभी राहिली आणि फाटकाकडे बघू लागली, शेपूट हलवत. तिथून कोणी येणार नव्हतं. इंजिनियरांच्या बायकोनं दूधपोळी आणली, ती तिनं सदऱ्यावर उभं राहूनच खाल्ली.

परतीच्या बसमध्ये आईच्या मांडीवर रिकामी पिशवी होती. काहीतरी बोलावं म्हणून मी म्हटलं, "अर्धा फाडून ठेवायचा होता आपल्याला."

"काय करू ठेवून?" ती म्हणाली. "रोज कपाट उघडून नाकाशी लावून पाहे मी. मले तं दोन दिवसांतच वास येनं बंद झालं होतं वं. तिले आला."